एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आजोबांच्या सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात १.००.०० असा आकडा होता. एक हेक्टर, शून्य आर, शून्य चौरस मीटर. शेतजमीन इतक्या गोल आकड्यात क्वचितच सापडते. शेजाऱ्यांच्या उताऱ्यांवर ०.८७.५० किंवा १.१३.०० अशी चारचौघांसारखी क्षेत्रं होती. आमचा उतारा मात्र गणिताच्या पुस्तकातून कापून आणल्यासारखा दिसे. आजोबांचा तोंडी हिशेब एकर-गुंठ्यांचाच, त्यामुळे कुणी विचारलं तर ते "अडीच एकराला थोडी कमी" असं सांगत. पण कागद दाखवायची वेळ आली की त्या चार शून्यांवरून एकदा बोट फिरवून घेत.

एवढा नेटका कागद असलेल्या माणसाला मुलं सात झाली. पाच मुलगे, दोन मुली. चार झाली असती तर पंचवीस-पंचवीस आर, पाच झाली असती तर वीस-वीस. आठ झाली असती तरी साडेबारा आर असा सुटसुटीत वाटा पडला असता. सहा असती तर थोडा त्रास होता, पण तो एकसुरी त्रास: सोळा पॉइंट सहा सहा सहा सहा, ऐकतानाच माणूस कंटाळून "सोडा हो" म्हणतो. सात हा आकडाच असा की तो ऐकणाऱ्याला कंटाळूही देत नाही आणि निकालही लागू देत नाही.

आजोबा गेल्यावर वर्षभराने सगळे ओटीवर बसले. वाटणीचा मसुदा करायला तालुक्याहून एक जाणते गृहस्थ आले होते. मोठे काका माझ्या चुलतभावाला म्हणाले, "शंभर भागिले सात कर रे."

त्याने मोबाइल काढला. "चौदा पॉइंट दोन आठ पाच सात एक चार दोन आठ…"

"अरे, कुठेतरी थांब."

"मी थांबतोय काका, तोच थांबत नाहीये."

मसुदावाले गृहस्थ मुरलेले होते. म्हणाले, "उताऱ्यावर चौरस मीटरच्या खाली काही लिहीत नाहीत. चौदा आर, अठ्ठावीस चौरस मीटर. सातही जणांना सारखं. लिहू?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मधले काका मात्र शाळेतून निवृत्त झालेले. कागदाच्या कोपऱ्यावर उलटा ताळा केल्याशिवाय त्यांच्या पेनाला टोपण बसत नाही. त्यांनी चौदा-अठ्ठावीसला सातने गुणलं आणि उत्तर आलं नव्याण्णव आर शहाण्णव.

"चार चौरस मीटर जमीन कुठे गेली?" ते म्हणाले.

चार चौरस मीटर म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जागा. तोवर हसत-खेळत चाललेल्या वाटणीत एकदम शांतता पसरली. त्या दोन खाटांवर प्रत्येकाला आपण स्वतः आडवे झालेले दिसू लागले असावेत. तेवढ्यात धाकटी आत्या चहाचा ट्रे घेऊन आली. चुलतभावाच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "अगंबाई, हा तर परत तेच म्हणतोय. एक चार दोन आठ पाच सात, आणि पुन्हा एक चार दोन आठ."

जमिनीचं पुढे जे व्हायचं ते झालं, ते सांगतो. पण मला त्या दिवशी वाट्याला आला तो हा आकडा. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

घरी आल्यावर सहज म्हणून १४२८५७ ला दोनाने गुणून पाहिलं. २८५७१४. तिनाने गुणलं, ४२८५७१. चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५, सहाने ८५७१४२. सहाच्या सहा अंक प्रत्येक वेळी हजर, क्रमही तोच. बदलतं ते एवढंच की सुरुवातीला कोण उभं राहणार. झिम्म्याच्या फेरात बायका जागा सोडत नाहीत, पण दारातून बघणाऱ्याला दर वेळी समोर वेगळं तोंड दिसतं, तसं. आणि समोर येणाऱ्या तोंडांनाही शिस्त आहे: १, २, ४, ५, ७, ८, असे लहानापासून मोठ्याकडे. म्हणजे या आकड्याचा पाढा म्हणायला गुणाकार यावाच लागत नाही. पुढचा मोठा अंक धरायचा आणि तिथून फेर म्हणायचा.

हा पाढा मी पुढे बऱ्याच ठिकाणी म्हणून दाखवला. लग्नाच्या पंगतीत आणि रेल्वेच्या डब्यात. आपल्याला तोंडी सहा अंकी गुणाकार येतात असा समज पसरवायला याहून स्वस्त साधन नाही. एकदाच फजिती झाली. शेजारची चौथीतली मुलगी शांतपणे सहापर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "आता सातने." सातने गुणलं की ९९९९९९ येतं. सहा नऊ. ती म्हणाली, "हे काय, सगळे सारखेच?" तिचा हिरमोड झाला, मला मात्र तिथेच खरी गंमत वाटते, पण चौथीतल्या मुलीशी वाद घालू नये हे मला कळतं. तिला आठने करून दाखवलं. ११४२८५६. पुढचा १ काढून मागच्या ६ मध्ये मिळवला की मूळ आकडा हात जोडून उभा. त्यावर तिने मला माफ केलं.

या आकड्याचं मराठीत एक दुखणं आहे. कागदावर जो फेर डोळ्याला लगेच दिसतो, तो कानाला ऐकू येत नाही. "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न" आणि "दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा" यांचं काही नातं असेल असं कुणाला वाटेल? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावन्नला 'पन्नास सात' अशी नवी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढं रण माजलं होतं. त्या वादात मी कुठल्याच बाजूने नव्हतो आणि आजही नाही. या आकड्यापुरतं माझं मत असं की त्याला ना सत्तावन्न म्हणावं, ना पन्नास सात. लहान मुलं फोन नंबर सांगतात तसा एकेक अंक सुटा म्हणावा. आत्याने तसाच म्हटला होता, म्हणून तर तिला तो सापडला.

आता हे होतं कसं? हे कळण्यासाठी सात माणसं आणि एक लाडू घ्या. लाडवाचे दहा तुकडे करा. प्रत्येकाला एक दिला की तीन उरतात. त्या तिनांचे पुन्हा दहा-दहा बारीक तुकडे करा, तीस झाले. प्रत्येकाला चार, उरले दोन. दोनांचे वीस, प्रत्येकाला दोन, उरले सहा. सहांचे साठ, प्रत्येकाला आठ, उरले चार. चारांचे चाळीस, प्रत्येकाला पाच, उरले पाच. पाचांचे पन्नास, प्रत्येकाला सात, आणि उरला एक. वाटलेले तुकडे क्रमाने वाचा: १, ४, २, ८, ५, ७. हातात उरलेला तो शेवटचा कण मूळ लाडवाचा दशलक्षांश आहे, मुंगीलाही दिसायचा नाही. पण प्रश्न मात्र अगदी पहिल्याइतकाच मोठा: सात माणसं, एक वस्तू. म्हणून वाटपही पहिल्यापासून तसंच पुन्हा सुरू होतं.

शाळेत भागाकार शिकताना सगळं लक्ष वर लिहायच्या उत्तराकडे असतं. बाकी म्हणजे खाली कोपऱ्यात पडलेला कचरा. इथे सगळी सूत्रं बाकीच्या हातात आहेत. सातने भागताना बाकी १ ते ६ एवढीच उरू शकते. शून्य उरली तर खेळ संपला, पण दहा, शंभर, हजार यांना सातने कधीच नि:शेष भाग जात नाही, म्हणून ती उरत नाही. तेव्हा फार तर सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी परत यायलाच हवी. सातच्या बाबतीत सहाच्या सहा बाक्या एकेकदा हजेरी लावतात: ३, २, ६, ४, ५, १. एकाऐवजी तीन लाडवांनी सुरुवात केलीत तर याच फेरात तीनच्या जागी शिरलात, एवढाच फरक. उत्तर ४२८५७१ पासून सुरू होतं. गुणाकाराचा चमत्कार म्हणून मी जो पंगतीत दाखवत फिरलो, तो एकाच फेरात वेगवेगळ्या दारांनी शिरण्याचा प्रकार होता. हे कळल्यावर चमत्काराची चव गेली असं म्हणणारे लोक असतात. मला ते पटत नाही. मोदकाला कळ्या कशा पाडतात ते पाहिल्यावर मोदक बेचव लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

सगळ्याच आकड्यांच्या घरात असं एकमत नसतं. तेराच्या घरात बाराच्या बारा बाक्या एका फेरात मावत नाहीत, तिथे दोन तट पडतात: एक फेर ०७६९२३ चा आणि दुसरा १५३८४६ चा. यातल्याला त्यात जाता येत नाही, त्यातल्याला यात. अकराच्या घरी तर दोन-दोन बाक्यांचे पाच संसार वेगळे. सातसारखा अखंड एकत्र फेर धरणारा पुढचा आकडा सतरा, त्याचा फेर सोळा अंकांचा आहे आणि शून्याने सुरू होतो, ०५८८२३५२९४११७६४७. मग एकोणीस, तेवीस, एकोणतीस. शंभराच्या आत असे एकूण नऊ मूळ आकडे आहेत. ते पुढे संपतात की कधीच संपत नाहीत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. संपत नाहीत असा अंदाज एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ साली बांधला. जवळपास शंभर वर्षं जगातली शहाणी डोकी त्यामागे आहेत आणि सिद्धता हाती आलेली नाही. सातांत एक लाडू वाटण्यापासून हा रस्ता सुरू होतो हे कळल्यावर मला आमच्या वाटणीबद्दल एकदम आदर वाटू लागला.

फेर धरला की कोण कोणाच्या समोर येतं तेही पाहण्यासारखं आहे. सहा अंक गोलात लिहिले तर १ समोर ८, ४ समोर ५, २ समोर ७. प्रत्येक जोडी नऊची. त्यामुळे आकडा मध्यावर कापून १४२ आणि ८५७ मिळवले तर ९९९ येतात. मिडी नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १८३६ साली नांत शहरात यावर एक छोटं पुस्तक छापलं. गणिताच्या इतिहासात ते एवढ्यासाठीच ओळखले जातात. दोन-दोन अंकांचे तुकडे केले, १४, २८ आणि ५७, तर बेरीज ९९. या तुकड्यांकडे जरा नीट बघा. चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस, अठ्ठावीस दुणे छप्पन्न. मग सत्तावन्न कुठून आले? छप्पन्न दुणे एकशे बारा, त्यातला शंभराचा एक हातचा म्हणून छप्पन्नाच्या घरी आला, झाले सत्तावन्न. मागे राहिलेल्या बारांना पुढच्या दोनशे चोविसातले दोन येऊन मिळाले, पुन्हा चौदा. चोविसांना पुढच्या चारशे अठ्ठेचाळीसातले चार, पुन्हा अठ्ठावीस. दुप्पट-दुप्पट करत नेलेला एक साधा पाढा हातचे देत-घेत हा आकडा विणत जातो. मला विचाराल तर या आकड्याच्या सगळ्या गमतींत ही सगळ्यात देखणी. दाखवायला मात्र सगळ्यात कठीण, कारण पंगतीत हातच्यांच्या गोष्टीला कुणी थांबत नाही.

आपल्या जुन्या माणसांनी साताच्या या स्वभावाकडे जाणूनबुजून पाठ फिरवली असावी. पावकी होती, निमकी होती, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीही होती. साडेतीनाचा पाढा पाठ करणाऱ्या पोरांनी एक सप्तमांशाचा मात्र कधी केला नाही. व्यवहारच चार-चारांत तुटणारा होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. त्यांना सातने भागा: सत्तावीस पै, म्हणजे दोन आणे तीन पै प्रत्येकी, आणि तीन पै शिल्लक. जुन्या कागदांत जमिनीतला हिस्साही आणे-पैंनी लिहीत. आमची वाटणी त्या काळात झाली असती तर सगळ्यांचे मिळून पंधरा आणे नऊ पै भरले असते. सोळा आणे काम झालं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. तेव्हा प्रत्येकी चौदा आणि शिल्लक दोन पैसे. माप बदललं, नाणं बदललं, पण सात जणांच्या घरात काहीतरी शिल्लक राहायचंच.

आणि तरीही हा आकडा आपण प्रत्येकाने शाळेत हाताळलेला आहे, नकळत. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या विहिरींची त्रिज्या सात मीटर असे. सात नसली तर चौदा, फारच खोडसाळ गुरुजी असले तर एकवीस. महाराष्ट्रात एवढ्या सातपटीच्या विहिरी कोण खणतं असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. उत्तर असं की 'पाय'साठी २२/७ घ्यायचे असत, आणि खालच्या सातला छेद मिळावा म्हणून विहिरीला बिचारीला सातच्या मापात बसावं लागे. २२/७ म्हणजे ३.१४२८५७१४२८५७… खरा पाय ३.१४१५९ असा जातो, म्हणजे ३.१४ च्या पुढे दोघांची वाट वेगळी. बरीच वर्षं मी हे दोन्ही एकच समजत होतो, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

भास्कराचार्यांचा असा घोटाळा नव्हता. लीलावतीत त्यांनी दोन्ही सांगून ठेवलं आहे: सूक्ष्म हवं असेल तर ३९२७/१२५०, आणि व्यवहाराला स्थूल चालत असेल तर २२/७. तेही आकड्यांनी नाही, शब्दांनी. सात म्हणजे पर्वत, पाच म्हणजे बाण, बारा म्हणजे सूर्य, शून्य म्हणजे आकाश. बाराशे पन्नास म्हणायचे तर आकाश, बाण, सूर्य असं एकम् स्थानापासून उलटं सांगायचं. सातने भागा म्हणण्याऐवजी पर्वतांनी भागा असं म्हटलं की भागाकार न संपण्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही, ही सोय मला फार आवडते. स्थूल म्हणजे तरी किती स्थूल? सात मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ ने काढला तर नऊ मिलिमीटर जास्त येतो. नऊ मिलिमीटरवरून आमच्या घराण्यातही आजवर भांडण झालेलं नाही.

आमच्या गावाहून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. संस्कृत मजकूर संपल्यावर शेवटी जुन्या मराठीत, बाजारात येणाऱ्या मालातला कोणता वाटा मठाला द्यायचा हे कोरलेलं आहे. आजोबा, नातू आणि वाटे. शिलालेखातसुद्धा विषय तोच.

या आकड्याचं नातं महाराष्ट्राशी आणखी एका बाजूने जोडलेलं आहे, आणि ते जोडलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला, शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसनला, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षकी. आयुष्यभर आकड्यांशी खेळले. मोठ्या पदव्या नसल्यामुळे इथल्या विद्वानांनी बरीच वर्षं त्यांच्याकडे कौतुकाने कमी आणि गमतीने जास्त पाहिलं; १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला आणि पर्यायाने आपल्यालाही ते माहीत झाले. त्यांचा ६१७४ प्रसिद्ध आहे: कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लावलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच; जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतात आणि तिथून हलत नाहीत. इथेही सातच, बघा.

कापरेकरांनी संख्यांची एक जात शोधली. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज मूळ संख्येएवढी यायला हवी. पंचेचाळीसचा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २०२५ साल उजाडलं तेव्हा हा मजकूर मोबाइलवर इतक्या जणांनी मला पाठवला की मकरसंक्रांतीपर्यंत मी त्याला तिळगुळासारखा पुढे वाटत होतो. पुढचं असं वर्ष बरोबर हजार वर्षांनी आहे, ३०२५, कारण पंचावन्नचा वर्ग तेवढा आणि तीस अधिक पंचवीस पंचावन्न. तर आपल्या १४२८५७ चा वर्ग करून बघा. २०४०८१२२४४९. उजवीकडून सहा अंक मोजून तोडा. २०४०८ आणि १२२४४९. मिळवा. उत्तर १४२८५७. कोट्यवधींच्या घरात जाऊन, दोन तुकडे होऊनसुद्धा हा आकडा स्वतःकडे परत येतो.

कापरेकरांची आणखी एक जात म्हणजे हर्षद संख्या, आनंद देणारी. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज सत्तावीस, आणि १४२८५७ भागिले सत्तावीस बरोबर ५२९१. बाकी शून्य. ज्याचा जन्मच शून्य बाकी न मिळण्यातून झाला, त्याला स्वतःच्या बेरजेने भागलं की सगळं कसं स्वच्छ सुटतं.

अशा आकड्यावर गूढवाद्यांची नजर न पडती तरच नवल. गुर्जिएफच्या नवकोनी आकृतीत सहा बिंदू जोडणारी रेष याच क्रमाने जाते, एकहून चारकडे, चारहून दोनकडे. त्यात त्यांच्या अनुयायांना विश्वाचा नियम दिसतो. मला एवढंच म्हणायचं आहे की हा सगळा थाट आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. आठच्या पटीत मोजणाऱ्यांच्या देशात एक सप्तमांश म्हणजे नुसता १, १, १, १. सोळा आण्यांच्या जमान्यात जन्मलेल्या आमच्या आजोबांना हे विश्वरहस्य दिसण्याचा संभव कमीच होता. गूढ शोधायचंच असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरात शोधावं: वर्षाचे ३६५ दिवस भागिले आठवड्याचे सात म्हणजे ५२.१४२८५७… त्या दशांश चिन्हापुढच्या शेपटामुळे तुमचा वाढदिवस दर वर्षी एक वार पुढे सरकतो. लीप वर्ष मध्ये आलं तर दोन.

आता ते चार चौरस मीटर.

चहा झाल्यावर अनेक सूचना आल्या. ते बांधावरच्या लिंबाच्या नावाने सोडावेत, असं धाकटे काका म्हणाले. लिंबाला आधार कार्ड नाही, असं मसुदावाल्या गृहस्थांनी स्पष्ट केलं. मोठ्या काकांनी वडीलकीच्या हक्काने ते आपल्याकडे ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा थोरली आत्या पदर सावरत म्हणाली, "दादा, तुझ्याकडे राहिलं काय नि माझ्याकडे राहिलं काय, एकच." हे ऐकून मोठे काका गप्प झाले. शेवटी मधल्या काकांनीच मार्ग काढला. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चौघांना चौदाशे एकोणतीस, तिघांना चौदाशे अठ्ठावीस. बेरीज दहा हजार पक्की, ताळा बरोबर. चौघं कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

सर्वांत लहान नातीने चिठ्ठ्या उचलल्या. दोन्ही आत्यांना एकोणतीस आले, मोठ्या काकांना आले, धाकट्यांना आले. मधले काका, त्यांच्या पाठचे काका आणि माझे बाबा अठ्ठावीसवाले. "एका मीटरने काय होतंय," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. रात्री जेवणं झाल्यावर ते टेप घेऊन ओसरीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन खडूने आखताना मला दिसले. त्यात उभे राहिले, मग मांडी घालून बसून पाहिलं.

मी त्यांना सांगितलं की हिशेबाने एक पूर्ण मीटर गेलेलाच नाही. प्रत्येकाचा खरा वाटा १४२८.५७१४२८… चौरस मीटर होता. म्हणजे आमचं नुकसान ०.५७१४२८… आणि त्या चौघांतल्या प्रत्येकाचा फायदा ०.४२८५७१… बाबांनी माझ्या हातातला कागद घेतला, दिव्याखाली धरला आणि तिघांचं नुकसान व चौघांचा फायदा यांची वेगवेगळी बेरीज करून पाहिली. दोन्हीकडे १.७१४२८५… आलं.